परीक्षा चालू असताना बोलू नये

मास्तरीण कुठल्याही शाळेत शिकवत नव्हती. लहानपणी घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला भिंतीपाशी उभं करून ती पाढे म्हणायला लावायची, म्हणून बाबांनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. केस पिकायला लागले तरी घरात ती मास्तरीणच होती. पोटापाण्यासाठी मात्र ती एका मालवाहतूक कंपनीची सर्व्हर रूम सांभाळायची. म्हणजे बिनखिडकीची गारठलेली खोली, घूं घूं करणारी मशीनं आणि बारा महिने अंगात स्वेटर. दिवे हिरवे आहेत ना ते बघायचं, बॅकअप नीट झाला ना ते बघायचं, एखादं मशीन रुसलं तर त्याची समजूत काढायची. आई गेल्यावर साहेबांनी तिला हे सगळं घरून बघायची सवलत दिली. हिरवे दिवे घरूनही हिरवेच दिसतात.

मग एके दिवशी साहेबांनी सगळ्यांना कळवलं की मशीनं जाणार. सगळा कारभार क्लाउडवर हलवायचा. क्लाउड म्हणजे ढगबिग काही नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी भल्यामोठ्या गारठलेल्या खोलीत आपलं सामान भाड्यानं ठेवायचं, एवढाच त्याचा अर्थ. ज्याला या नव्या कामात यायचंय त्यानं क्लाउडची पहिली, अगदी प्राथमिक परीक्षा पास व्हायची. पास होणाऱ्यांनी घरून काम करायचं. बाकीच्यांची सोय दुसऱ्या गावच्या गोदामात. “सक्ती कुणावरच नाही,” असं साहेब म्हणाले, आणि ते ज्या सुरात म्हणाले त्यावरून सगळ्यांना कळलं की सक्ती आहे.

मास्तरणीला गोदामाचं भय नव्हतं. खोकी मोजायला तिची ना नव्हती. पण ती गोदामात गेली की बाबांना कोण बघणार, इथं घोडं अडत होतं. बाबांचं डोकं गेली काही वर्षं हळूहळू विझत चाललं होतं. जेवलो की नाही ते आठवत नसे, जुनं मात्र लख्ख आठवे. दादा लांबच्या गावी नोकरीला. त्यानं आधीच सुचवून ठेवलं होतं.

“आपण एक चांगलं सेंटर बघू,” तो फोनवर म्हणाला होता.

“वृद्धाश्रम?”

“तसं म्हणू नकोस गं. सेंटर. डॉक्टर असतात, बाग असते.”

“बाबांना बागेत काय करायचंय? त्यांना कधी झाड ओळखता आलंय?”

“मग तू परीक्षा पास हो,” दादा म्हणाला. “पास झालीस तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही झालीस तर काढीन.”

एवढा साधा हिशेब होता. पास झाली तर बाबा घरात, नापास झाली तर सेंटरच्या बागेत.

एरवी अशा गोष्टीनं तिच्या पोटात गोळा आला असता. आता आला नाही. आई गेल्यापासून तिच्या पोटात काहीच येत नव्हतं. भूकसुद्धा घड्याळात बघून लागायची. आईच्या शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलात तीच होती, नर्सनं यंत्र बंद केलं तेव्हा तीच उशाशी होती, आणि मग बाहेरच्या बाकावर बसून एकेकाला फोनही तिनंच केले. दादाला सांगितलं, मावशीला सांगितलं, शेजारच्या काकूंना सांगितलं. पलीकडे कुणी हंबरडा फोडला, कुणी गप्प झालं, आणि तिनं प्रत्येकाची समजूत काढली. घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि चष्मा पुसला. सगळ्यांना तिनं सांगितलं. तिला कुणी सांगायचा प्रश्नच आला नाही, कारण ती तिथंच होती. रडायचं राहून गेलं. पुढे कधीतरी रडू, असंही तिनं ठरवलं नव्हतं. तिला काही वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

नातेवाइकांना बाबांचं मात्र फार कौतुक वाटलं. इतक्या वर्षांचा संसार, पण माणसानं किती शांतपणे घेतलं! “कुठं गेली, कधी येणार, एकदाही विचारलं नाही गं,” मावशी ज्याला त्याला सांगायची. डॉक्टर म्हणाले, काही माणसं स्वीकारतात. मास्तरीण म्हणाली, बरं झालं.

अभ्यास आईच्या शिलाई मशीनवर चाले. मागच्या खोलीत खिडकीपाशी ते मशीन होतं. वरचं झाकण लावलं की लॅपटॉपपुरतं टेबल व्हायचं. लॅपटॉपवर एक मास्तर शिकवायचा. काय त्याचा उत्साह! सकाळी सकाळी दात घासतानाची टवटवी दिवसभर टिकवून धरलेला माणूस. “मित्रांनो, आज आपण एक धमाल संकल्पना बघणार आहोत,” असं म्हणून तो जे सांगायचा त्यात धमाल शोधूनही सापडत नसे. मास्तरीण ऐकत राही आणि लक्षात ठेवी. समजायचं की नाही हा भाग वेगळा; जे कानावर पडेल ते आत जाऊन बसायचं, मधे अडवायला कुणी नव्हतंच. रिकाम्या घरात सामान पटापट लागतं तसं.

एक धडा जबाबदारीच्या वाटणीचा होता. क्लाउड कंपनीनं इमारत सांभाळायची, वीज सांभाळायची, मशीन सांभाळायचं. आत ठेवलेली माहिती आणि तिची कुलपं ज्याची त्यानं सांभाळायची. मास्तरणीला दादा आठवला. त्यानं घराचा कर भरायचा, बाबांच्या औषधांचे पैसे पाठवायचे. आतलं सगळं तिचं. दादाला दोष द्यावा असं मनात आणून पाहिलं, पण तेही मन लावून जमलं नाही.

दुसरा धडा तब्येत विचारण्याचा. सर्व्हर कधी एकटा ठेवत नाहीत, दोन ठेवतात. त्यांच्यापुढे एक राखणदार बसवतात. तो थोड्या थोड्या वेळानं प्रत्येकाला विचारतो, आहेस का? सर्व्हर म्हणतो, आहे. लागोपाठ काही हाका मारूनही ओ आली नाही, तर राखणदार समजतो की हा मेला, आणि त्याचं सगळं काम दुसऱ्याकडे वळवतो. “आणि मित्रांनो, सगळ्यात धमाल म्हणजे,” टवटवीत मास्तर म्हणाला, “वापरणाऱ्या माणसाला काही कळतच नाही! त्याला वाटतं, पहिलाच सर्व्हर बोलतोय!” मास्तरणीनं व्हिडिओ थांबवला, कारण बाहेरच्या खोलीतून बाबांची हाक आली होती.

“अगं, ऐकलंस का?”

“आले, आले.”

बाबांनी आईला कधी नावानं हाक मारली नाही. अगं, ऐकलंस का, एवढंच. आणि आई घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून म्हणायची, आले, आले. यायचीच असं नाही. पुष्कळदा हातातलं काम करत राहायची, कारण बाबांना तरी कुठं ती यायला हवी असायची? आवाज आला की झालं. आई गेल्यावरही हाक चालू राहिली. इतक्या वर्षांची सवय, ती काय अशी सुटते, म्हणून मास्तरीण ओ द्यायला लागली. सुरुवातीला उठून जायची. बाबा तिच्याकडे बघायचे, “हं” म्हणायचे आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागायचे. मग तिनं जाणं सोडलं. भाजी चिरताना, हिरवे दिवे बघताना, धडा ऐकताना, हाक आली की तोंडातून आपोआप ओ जायची आणि घर पुन्हा शांत व्हायचं. इतकं अंगवळणी पडलं की हाक आल्याचंही तिला कळेनासं झालं. एकदा मावशी फोनवर बोलता बोलता थबकली.

“आत्ता ‘आले, आले’ कोण म्हणालं?”

“मीच. बाबांना.”

“अगं बाई! अंगावर काटा आला माझ्या. सेम टू सेम तुझी आई.”

“फोनवर तर आधीपासूनच सगळे फसायचे,” मास्तरीण म्हणाली आणि पुढचं विचारलं, गुडघा कसा आहे?

परीक्षा घरूनच द्यायची ठरली. केंद्रावर जायचं तर अर्धा दिवस बाबांना सोडावं लागलं असतं. घरून द्यायची म्हणजे नियमांची ही रास. खोलीत दुसरं माणूस नको. टेबलावर कागद नको, फोन नको, पेल्यावर चित्र असेल तर पेलासुद्धा नको. कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, इकडेतिकडे बघायचं नाही. आणि परीक्षा चालू असताना बोलायचं नाही. वाचताना ओठ हलले तरी चालणार नाहीत. कुठंतरी बसलेला निरीक्षक सगळं बघत आणि ऐकत असतो, तो आपल्याला दिसत नाही. दुसऱ्यांदा नियम मोडला की परीक्षा तिथंच बंद. पुन्हा बसायचं तर बरंच थांबायचं, आणि तोवर मशीनं गेलेली असणार.

दादा मुद्दाम रजा काढून आला. बॅग ठेवल्या ठेवल्या म्हणाला, “बाबांचं तू सोड माझ्यावर. तू फक्त पेपर दे.”

“दुपारचं दूध गरम करून दे. फार गरम नको.”

“माहितीये गं.”

“टीव्हीचा आवाज वाढवू नकोस.”

“मास्तरीण,” दादा म्हणाला, “मी त्यांचाच मुलगा आहे.”

तिनं मागच्या खोलीचं दार लावलं. निरीक्षकाचा मजकूर पडद्यावर उमटला: खोली दाखवा. तिनं लॅपटॉप उचलून चारी भिंती दाखवल्या. छत दाखवलं. टेबलाखालची जागा दाखवा. तिनं दाखवली. हे काय आहे? तिनं टाइप केलं, शिलाई मशीन. पलीकडे बराच वेळ शांतता. शिलाई मशीनवर परीक्षा द्यावी की नाही याबद्दल नियमांत काही सापडत नसावं. मग उमटलं: कृपया साध्या टेबलावर बसा. झालं, दार उघडून दादाला हाक मारली, दोघांनी मिळून स्वयंपाकघरातलं टेबल आत ओढलं आणि आईचं मशीन बाहेर बाबांच्या खोलीत नेऊन ठेवलं. बाबांनी मशीनकडे पाहिलं. “शिवायला बसली का?” त्यांनी विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही, घाई होती.

पेपर सुरू झाला. प्रश्न ओळखीचे निघाले. मागणी वाढली की आपोआप वाढणारी आणि कमी झाली की आपोआप कमी होणारी व्यवस्था, तिला काय म्हणतात? क्वचित लागणारी जुनी माहिती स्वस्तात कुठं ठेवतात? इमारतीच्या कुलपाची जबाबदारी कुणाची? मास्तरणीचा हात न अडखळता चालला होता. आनंद नव्हता, भीतीही नव्हती. माउस थंड होता, एवढं तिला जाणवलं.

“अगं, ऐकलंस का?”

“आले, आले,” मास्तरीण म्हणाली.

म्हणाली, आणि पुढच्या प्रश्नावर गेलीसुद्धा. पडद्यावर लाल चौकट आली तेव्हा तिला कळेना की झालं काय. चौकटीत लिहिलं होतं: आवाज ऐकू आला. हा पहिला आणि शेवटचा इशारा आहे. पुन्हा बोललात तर परीक्षा रद्द होईल. तिनं चौकट पुन्हा वाचली. आपण बोललो? कधी? मग कानामागून मघाची हाक आणि आपलीच ओ ऐकू आल्यासारखी झाली, आणि कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा तिच्या पोटात गोळा आला.

तिनं चौकट बंद केली. जीभ दातांत धरली.

“अगं.” बाहेर बाबांची हाक. “ऐकलंस का?”

ओ घशापर्यंत आली. तिनं ती गिळली. बाहेर दादाचा आवाज आला, “काय बाबा? मी आहे ना. काय हवंय?” बाबांना दादा नको होता. “अगं, ऐकलंस का?” दादा काहीतरी समजावत होता. मास्तरीण पडद्याकडे बघत होती, अक्षरं तिथंच होती, अर्थ मात्र कुठल्या कुठं गेला होता. तिनं दुसरा हात तोंडावर ठेवला, मग लक्षात आलं की तोंड झाकणंही नियमात बसत नाही, आणि खाली घेतला. पुन्हा हाक आली. या वेळी आवाज चढला होता. कधी न चढणारा आवाज. मास्तरणीनं तोंडात मिठाची गुळणी धरली होती. एक शब्द, आणि सगळं संपलं असतं. एक शब्द, ज्यानं ते गप्प झाले असते. हा शब्द मी यांच्यासाठीच गिळतेय, असं ती स्वतःला सांगत राहिली, आणि ते खरंही होतं.

हाका येत राहिल्या. मग थांबल्या.

त्या शांततेत ती प्रश्न सोडवत राहिली. आता शांतता हाकांपेक्षा वाईट वाटत होती. उठून बघावंसं वाटलं आणि उठता येत नव्हतं. शेवटाच्या थोडं अलीकडे तो प्रश्न आला. राखणदारानं विचारूनही सर्व्हरकडून लागोपाठ उत्तर आलं नाही, तर काय होतं? चार पर्याय होते. दुसरा बरोबर होता. तिनं तो निवडला आणि तिचा हात माउसवर तसाच राहिला, कारण बाहेरून आता कुणाच्या तरी हुंदक्यांचा आवाज येत होता.

पेपर संपवल्यावर पडद्यानं थोडा वेळ काढला आणि मग सांगितलं की ती पास झाली. तिनं लॅपटॉप मिटला.

दादा दाराशीच उभा होता. तोंड पांढरंफटक. “मी काही नाही बोललो,” तो म्हणाला. “शपथ, मी एक शब्द नाही बोललो. ते आपले हाका मारत होते, मारत होते, मग त्या मशीनकडे बघत बसले, आणि एकदम…”

बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. समोर झाकण लावलेलं शिलाई मशीन. दुधाचा पेला तसाच. चष्मा काढून हातात धरलेला. मास्तरीण आत आली तसं त्यांनी वर पाहिलं. नेहमीसारखं आरपार नाही. तिच्याकडे पाहिलं, ती कोण आहे ते ओळखून पाहिलं. हातानं पलंगावर थोपटलं.

“मास्तरीण, इकडे ये. बस.”

ती बसली.

“तुला एक सांगायचंय,” बाबा म्हणाले. आवाज फुटत होता, तो त्यांनी सावरून धरला, लहान मुलाला वाईट बातमी सांगताना मोठी माणसं धरतात तसा. “घाबरू नकोस. मी आहे.”

“काय झालं बाबा?”

“तुझी आई गेली गं.”

काय बोलायचं असतं ते तिला माहीत होतं. तेच ती इतरांना सांगत आली होती. तब्येत बरी नव्हती, सुटली बिचारी, शेवटी त्रास झाला नाही. त्यातलं एकही वाक्य जागेवर सापडेना.

“मी किती हाका मारल्या,” बाबा म्हणाले. “इतके दिवस दरवेळी ओ देत होती. कालही दिली. मघाशी पण दिली. मग नाहीच. कामात असली तरी ओ द्यायची ती, तुला माहितीये ना. नुसती आले, आले करायची आणि यायची नाही. पण ओ द्यायची. ती असती तर दिल्याशिवाय राहिली नसती.”

“हो,” मास्तरीण म्हणाली.

“म्हणजे गेली,” बाबा म्हणाले. “तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतोय.”

त्यांनी चष्मा बाजूला ठेवला आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. त्यांच्या सदऱ्याला औषधाचा आणि दुधाचा वास होता. पाठीवर थोपटणारा हात थांबत नव्हता. “रड,” ते म्हणाले, “रड बेटा, आई गेलीये तुझी.” मग तिच्या तोंडून एक आवाज निघाला, तो तिचा तिलाच ओळखता आला नाही.

दादा उंबरठ्यावरच उभा होता. आत यावं की जावं ते त्याला समजेना. काहीतरी विचारायला हवं म्हणून त्यानं विचारलं, “मास्तरीण, पेपर कसा गेला?” तिला ओ देता आली नाही.